टर्कीनं माझं घर बळकावलं

जनावर हाताळण्यात माझा हात धरणारा अख्ख्या शिरूर तालुक्यात कुणी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो! आमच्या सगळ्या पिढ्या मेंढरांमागं गेल्या. शिंगं रोखून आलेला एडका मी एका हातानं उताणा पाडलाय, आणि तोही दुसऱ्या हातातल्या भाकरीवरचं कालवण न सांडता!

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मी बोकडं पोचवायचो. तिथले एक गार्डसाहेब नोकरी सोडून विलायतेला निघाले आणि त्यांनी आपले टर्की, म्हणजे कोंबडीच्या जातीचे थोराड विलायती पक्षी, विकायला काढले. नाताळात कॉलनीतल्या साहेबलोकांना टर्की लागतो, हे मला ठाऊक होतं. मग काय, पुढच्या नाताळाला विकायला म्हणून दोन नर आणि तीन माद्या घेऊन टाकल्या.

"हौसराव, उन्हाळा लागला की नराचा मिजाज गरम होतो," साहेब निघताना म्हणाले. "जपून!"

मी हसलो. "साहेब, आमी एडके वळवलेत. ही तर कोंबडी!"

शिमग्यापर्यंत सगळं गोडीत चाललं. आमच्या निमोणे गावातली माणसं कौतुकानं बघायला यायची. शिमगा झाला आणि मोठ्या नराच्या अंगात आलं! पिसारा छत्रीसारखा उघडला. पंख भुईला फरफटायला लागले. डोकं घटकेत लाल, घटकेत निळं, घटकेत पांढरं! चोचीवरून मांसाची सोंड लोंबायला लागली. ओरडणं तर असं, की बारीक गळ्याची घागर कुणीतरी घाईनं पालथी केलीय!

दोन्ही नर एकमेकांवर तुटून पडले. मी मधे वाघूर लावली, म्हणजे मेंढरं कोंडायचं दोरीचं जाळं. पण जाळ्यातनं एकमेकांची तोंडं दिसायची, म्हणून जाळ्यातनं मारामारी! शेवटी म्हाळसानं, म्हणजे आमच्या कारभारणीनं, जाळ्यावर गोणपाटं टाकली. मोठा दिसेनासा झाला तसा धाकटा पलीकडं गप्प बसला. मोठ्याला मात्र वैरी पाहिजेच होता. त्यानं सगळ्या अंगणावर नजर फिरवली आणि मला निवडलं!

अंगणात पाऊल टाकलं की आलाच अंगावर! उडी मारून दोन्ही पायांच्या नख्या मांडीत. पंखांचे फटके असे, की मी म्हणजे नदीवरच्या दगडावर आपटायचं धोतर! अहो, एडका निदान समोरून येतो. हा मागून यायचा!

आणि म्हाळसा बाहेर आली की? लगेच पिसारा! लगेच गिरक्या! वरातीतल्या नवरदेवासारखा तिच्यापुढं ठुमकायला लागायचा.

"अवो, किती गरीब हाय बिचारा!" ती म्हणायची. "तुमीच त्याला कायतरी करत असाल."

"मी? अगं, माझी मांडी बघ!"

"त्याला तुमचा आवाज आवडत न्हाई. जरा हळू बोलत जावा."

माझ्या घरात मी हळू बोलायचं!

पुढं पुढं तर तो मला दारातच येऊ देईना. म्हाळसा कुडावरनं भाकरी द्यायची, ती मी बाहेर उभ्यानं खायचो. गोठ्यामागं घोंगडं टाकून झोपायचो. घरपट्टी भरणारा मी!

एक दिवस डोकं फिरलं आणि तरातरा मीरासाहेबाच्या दुकानात गेलो. मीरासाहेब आमचा शिंपी. शिलाईचं मशीन चालू असलं की त्याला निम्मंच ऐकू येतं.

"मीरासाहेब, माझ्या घरात दुसराच शिरलाय! म्हाळसापुढं छाती काढून नाचतोय! मी आत जायला लागलो की मला मारतोय! आन् तिला तोच गरीब वाटतोय!"

मशीन थांबलं. "या अल्ला! कवापासनं?"

"शिमग्यापासनं."

"आन् कुठला म्हणायचा ह्यो?"

"दौंडचा. सायबांच्यात वाढलेला, म्हणून तर एवढा माज!"

"गावात कुणाला ठावं हाय का?"

"समदा गाव बघून गेला की!"

मीरासाहेबानं डोळे पुसले. मला वाटलं, किती कळवळ्याचा माणूस! कळवळ्याचाच तो. पाबळच्या बाजारात शिवलेले सदरे विकायला गेला आणि वाट वाकडी करून माझ्या सासऱ्याच्या, गेणबाच्या कानात सगळं सांगून आला!

इकडं मला नामी युक्ती सुचली होती. त्याला बायामाणसं चालतात ना? ठीक! म्हाळसा नदीवर धुणं घेऊन गेली तशी वाळत घातलेलं तिचं हिरवं लुगडं ओढलं, कसंबसं गुंडाळलं, पदर नाकावर घेऊन मिशा झाकल्या आणि अंगणात शिरलो. टर्कीनं एका डोळ्यानं बघितलं. मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. आणि पिसारा उघडून माझ्याभोवती नाचायला लागला! अपमानानं अंगाची लाही झाली, पण उंबऱ्यापर्यंत पोचलो!

तेवढ्यात कुडाचं फाटक धाडकन उघडलं. हातात काठी घेतलेला गेणबा, आणि मागं माझा मेव्हणा भैरू!

"म्हाळसे, तू आत जा!" गेणबा माझ्या पाठीवर ओरडला. "त्या दौंडवाल्याला आमी बघतो!"

मी वळलो. पदर घसरला. मिशा बाहेर आल्या. गेणबाच्या हातातली काठीच गळाली.

"जावईबापू?"

"मामा, समजावून सांगतो..."

सांगतो कसलं! दोन परके गडी आपल्या बायकोकडं, म्हणजे माझ्याकडं, येताना बघून टर्की पेटला! भैरू शेवग्यावर चढला आणि फांदीसकट खाली आला. गेणबा या वयात कडब्याच्या गंजीवर कसा पोचला, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही.

"ह्यो कोण रं?" तो वरनं ओरडला.

"ह्योच तो, मामा! दौंडवाला!"

म्हाळसा आली. बाप गंजीवर, भाऊ शेवग्याखाली, नवरा तिच्या लुगड्यात! तिनं धुणं उतरवलं, टर्कीला तान्ह्या लेकरासारखं काखेत घेतलं आणि आमच्यावरच उसळली, "काय केलंत ह्याला? कसा थरथरतोय!"

आता मात्र हद्द झाली! "आज निकाल लागलाच पायजे!" मी गरजलो. "एक तर ह्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी!"

म्हाळसा विचारात पडली. चांगली बराच वेळ विचारात पडली!

"पाऊस लागला की ह्याचा मिजाज उतरंल," शेवटी ती म्हणाली. "तवर तुमी पाबळला ऱ्हावा की, आबांकडं."

कपडे बदलून, लंगडत, मी सासऱ्या-मेव्हण्याबरोबर एस्टीत बसलो.

पाबळात उतरलो तर अर्धं गाव थांब्यावर उभं! काठ्या घेऊन निघालेले बापलेक सगळ्यांनी बघितले होते. "गेणबा, काय झालं? कोण हुता त्यो?"

गेणबानं भैरूच्या सुजलेल्या नाकाकडं बघितलं, माझ्या ओरखड्यांकडं बघितलं, आणि छाती काढून सांगितलं, "दरोडेखोर! आमच्या लेकीच्या घरात शिरत हुता. सात फुटी गडी! तिघांनी मिळून पिटाळला."

खोटं! साफ खोटं! अन्याय माझ्यावर झालेला, आणि त्याची अशी वासलात? खरं काय ते तिथल्या तिथं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. तर सगळं पाबळ माझ्याकडं बघत होतं. काय तो आदर! बायका तर पदराआडनं बघत होत्या.

मी मिशांवरनं हात फिरवला.

"सात न्हाई, मामा," मी म्हणालो. "आठ असंल."