नाव नको, ठेवण सांगा

आमच्या पनवेलच्या बिल्डिंगमधले मुकादमचाचा हरवलेली वस्तू लगेच शोधत नाहीत. आधी तिचं वर्णन कागदावर लिहितात. मग ती चष्मा असो नाहीतर चप्पल! पालुपद एकच: "नाव नको, ठेवण सांगा." मासळी बाजारातही पापलेटची ठेवण न्याहाळत उभे राहतात. कोळीण वैतागते, "चाचा, मावरं घ्यायचं हाय का नाय?"

हे वेड कॉम्प्युटरचं. कुवेतची स्टोअरकीपरची नोकरी संपवून आले आणि रेग्युलर एक्सप्रेशन शिकले. म्हणजे नेमका शब्द ठाऊक नसला, तरी 'आधी अक्षरं, मग आकडे' असा साचा द्यायचा. त्यात बसेल तो मजकूर कॉम्प्युटर शोधून देतो. मी आपली हसायचे.

गेल्या महिन्यात हसू पळालं. दुसऱ्या दिवशी बाबांचं ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कुठल्या गोळीची रिअॅक्शन आली होती?"

बाबा म्हणाले, "पांढऱ्या."

कपाळावर हात मारला मी! जुने कागद गायब. कामोठ्याच्या आत्याने तेव्हा गोळीचं नाव फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, एवढंच आठवत होतं. फोन केला, तर आत्यालाही आता नाव आठवेना. पण ग्रुपवर सहा वर्षांची शुभ सकाळ! तेच औषध पुन्हा दिलं तर? तशीच चाचांकडे धावले.

"रडू नको, बेटा. ठेवण सांग."

गोळीच्या नावापुढे बहुधा आकडा असतो. ग्रुपची सगळी चॅट कॉम्प्युटरवर घेऊन चाचांनी अक्षरांपुढचे तीन आकडे शोधले. निघाले काय? फ्लॅट नंबर, मटणाचे भाव, सोनूचे मार्क!

"तौबा! तुमचं खानदान बोलतं फार."

मग त्याच मेसेजमध्ये खाज, पुरळ किंवा सूज हवी, अशी अट घातली. चारच मेसेज उरले. तिसरा आत्याचा: गोळीचं नाव, आकडा आणि 'दादाच्या अंगभर पुरळ.' मी तिथेच भोकाड पसरलं. डॉक्टरांनी ते औषध टाळलं, ऑपरेशन सुखरूप पार पडलं. हुश्श!

बाबा घरी आल्यावर मी पेढे घेऊन चाचांकडे गेले. विचारलं, "चाचा, या वयात हे शिकायचं कसं सुचलं?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. चाचीला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या जुन्या मेसेजमधल्या, प्रश्नचिन्हाने संपणाऱ्या ओळी तेवढ्या त्यांनी वेगळ्या काढल्या होत्या. 'ताप उतरला का?' 'ईदला येताय ना?' 'जेवलात का?'

"कुवेतला कामाच्या गडबडीत नुसता अंगठा पाठवायचो," चाचा म्हणाले. "आता रोज एकाचा जवाब लिहितो."

शेवटच्या प्रश्नाखाली त्या दिवशीचा जवाब होता: 'जेवलो. कालवण तुझ्यासारखं जमत नाही.'