चार नवांचं सोनं आणि सासूबाईंचा दात

सोन्याच्या नाण्यांतलं मला सगळं कळतं! हे मी अगदी थोडक्यात सांगतोय. सविस्तर सांगायला लागलो की बायको उठून भांडी घासायला लागते, तीही घासून ठेवलेली.

झालं असं, की आमच्या चष्म्याच्या काचांच्या कारखान्यातल्या तपासनीस बाई निवृत्त होणार होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी एकेक काच दिव्यासमोर धरून पाहिली. केसाएवढा ओरखडा दिसला की 'नापास'चा लाल शिक्का! माघारी आम्ही त्यांना ओरखडाबाई म्हणतो. समोर म्हणायची कुणाची छाती नाही. पण बाईंवर जीव सगळ्यांचा. मी स्टोअरमध्ये नवीन असताना काचांची अख्खी पेटी पाडली, तेव्हा "पेटीच कच्ची होती!" असं मॅनेजरसाहेबांना ठणकावून सांगणाऱ्या त्याच. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना निरोपाच्या दिवशी एक छोटंसं सोन्याचं नाणं द्यायचं ठरवलं.

"पण निवडणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी!" मी म्हणालो. "तो विषय माझ्यावर सोडा. बाईंना असं नाणं देतो की भिंग घेऊन बसल्या तरी खोट सापडणार नाही!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

पंधरा दिवस मी अभ्यास केला. वही भरली. नाणी घेणाऱ्यांचे दोन प्रकार असतात, हे मला त्यातून कळलं. एक गुंतवणूकवाला. त्याला फक्त सोनं हवं असतं, वर चित्र हत्तीचं असो की उंदराचं. दुसरा संग्राहक. तो नाण्याला हातसुद्धा लावत नाही, डबीतूनच बघतो आणि सुस्कारे सोडतो. मग नाण्यांच्या जाती. एक हरणाचं, क्रुगरँड. त्यात थोडं तांबं मिसळलेलं, म्हणून रंगाला तांबूस आणि अंगाने टणक. दुसरं पानाचं, मेपल लीफ. ते चोवीस कॅरटचं, अगदी शुद्ध, हजारात नऊशे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ. म्हणजे चार नवांचं सोनं! तिसरं पांडाचं. त्यावरचं चित्र सहसा दरवर्षी बदलतं, म्हणून संग्राहक त्याच्यामागे वेडे. बाई शुद्धतेच्या भोक्त्या, तेव्हा मी पानाचं घेतलं. सगळ्यात लहान, नखाएवढं, गोल पारदर्शक डबीत बंद.

निरोपाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी ते घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. शेजारी आमच्या लग्नात सासूबाईंनी दिलेलं हरणाचं नाणं ठेवलं. समोर बायको आणि सासूबाई. मग काय विचारता, सुरूच झालो!

"आता बघा, या दोघांत सोनं सारखंच आहे. पण हरणाच्या नाण्यात शिवाय तांबंही आहे, म्हणून ते वजनाला जरा जास्त भरतं. पानाचं मात्र शुद्ध, त्यामुळे मऊ..."

"अहो, आई झोपली," बायको म्हणाली.

खरंच सासूबाई बसल्या जागी पेंगत होत्या. 'मऊ' हा शब्द त्यांच्या डोक्यावरून गेला तो तिथेच. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला, म्हणून मी गॅलरीत गेलो.

परत आलो तर डबी उघडी! आणि सासूबाई नाणं दाताखालून काढून दिव्याकडे धरून बघतायत!

"जावईबापू, तुम्हाला फसवलं हो!" त्या म्हणाल्या. "दात रुतला! हे बघा!"

मी बघितलं. पानाच्या बरोबर मधोमध खड्डा. शिवाय नाणं किंचित वाकलेलं.

"सासूबाई, चावलात कशाला?"

"मग काय डबीवरून ओळखायचं? तुमच्या लग्नातलं हरणाचं नाणंही मी चावूनच घेतलं होतं. त्याला काही झालं का? बघा, आहे एक तरी खूण? खरं सोनं असं टणक असतं! हे शिसं आहे शिसं!"

"अहो, हे जास्त शुद्ध आहे, म्हणून मऊ आहे!"

"म्हणजे जास्त चांगलं, म्हणून लवकर खराब होतं? असं कुठे असतं का?"

मी वही काढून याचं उत्तर शोधलं. वहीत नव्हतं. सत्तरी उलटलेल्या माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असले की घरात किती धोका असतो, हेही कुठल्या वहीत नव्हतं.

नाणं सरळ व्हावं म्हणून मी ते दोन पुस्तकांत दाबून ठेवलं. जरा वेळाने बायको ओरडली, "अहो, आई कुठे गेली? आणि नाणं?" पुस्तकं उघडून बघतो तर आत नाणं नाही! मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात सासूबाई ते घेऊन चपला घालून निघाल्या होत्या.

नाणं घेतलं ते दुकान दोन गल्ल्या सोडून. मी धापा टाकत पोहोचलो, तर आत सहा गिऱ्हाइकं आणि मधोमध सासूबाई.

"शिसं विकता? माझा जावई साधा आहे म्हणून?"

"आजी, ऐका तर खरं!" दुकानदार घामाघूम झाला होता. त्याने नाणं यंत्रात ठेवलं. आकडा आला, चार नऊ. "बघा! शुद्ध आहे म्हणूनच दात रुतला. मऊ असतं हे."

"अच्छा!" सासूबाईंचा चेहरा लगेच खुलला. "मग आधी सांगायचं ना! आमच्या जावईबापूंना ठाऊकच नव्हतं वाटतं!"

गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी हळूच दुकानदाराच्या कानाशी लागलो.

"बदलून देता का हो?"

"साहेब, डबी उघडली, वर दात उमटला. मी घेईन, पण वितळवायच्या भावात. आणि नवीन नाणं आता आठवड्याने येणार."

आठवड्याने! निरोप दुसऱ्या दिवशी चार वाजता! रात्रभर मला डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. बाई भिंग काढतायत, खड्डा बघतायत आणि सगळ्यांदेखत माझ्यावर लाल शिक्का मारतायत. शिक्क्याचं एक वेळ चालेल हो. पण पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या बाईंना जाताना आपण चावलेलं नाणं द्यायचं? मला खरंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी डबी मागून घेतली. चोराच्या मनात चांदणं! मी ती नको तितकी पुसून दिली.

"हे मधे काय आहे?" त्यांनी डोळे बारीक केले.

खरं सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर पडलं भलतंच. "टाकसाळीची खास खूण आहे, साहेब. फार थोड्या नाण्यांवर असते."

"वा! कमाल केलीत!"

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! चार वाजता सगळे जमले. घरच्यांनाही बोलावणं होतं, त्यामुळे बायको आणि सासूबाई दुसऱ्या रांगेत. साहेब भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंना आम्ही एक दुर्मीळ नाणं देत आहोत. त्यावर टाकसाळीची अशी खूण आहे, जी जगात दुसरीकडे सापडणार नाही!"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. टाळ्यांचा कडकडाट! सासूबाईंनी तर सगळ्यात जोरात वाजवल्या.

बाईंनी डबी घेतली. पाहिली. मग शांतपणे पर्समधून भिंग काढलं. बाईंनी डबी उघडली, नाणं दिव्याकडे धरलं, फिरवलं आणि भिंगातून माझ्याकडेच बघितलं.

"स्टोअरवाले, पुढे या. ही खूण कुठल्या टाकसाळीची?"

"बाई, ती... म्हणजे... आमच्या घरचीच."

"दाताची आहे."

"हो."

साहेब खुर्चीत हळूहळू खाली सरकले. मी म्हणालो, "बाई, माफ करा. मला तुम्हाला सगळ्यात निर्दोष वस्तू द्यायची होती हो! पंधरा दिवस त्याच्यासाठी..."

"चावलं कोणी?" बाईंनी मला मधेच तोडलं.

"मी!" दुसऱ्या रांगेतून सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "बंद डबीतलं सोनं खरं कशावरून? मी तर कालच दुकानात जाऊन यंत्रावरही लावून घेतलं. चार नऊ आले!"

बाईंनी भिंग खाली ठेवलं. मग चेहरा असा काही उजळला, की पस्तीस वर्षांत आम्ही तो तसा कधी पाहिला नव्हता.

"या ना, इकडे बसा माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "न तपासलेला माल मी जन्मात पास केला नाही. डबी हातात आली तेव्हा मला हीच काळजी, की आता चारचौघांत चावून कसं बघायचं? तुम्ही माझं काम केलंत!"

असं म्हणून त्यांनी नाणं पदराच्या टोकात घट्ट बांधलं. मग दोघी डोक्याला डोकं लावून अर्धा तास हसत बसल्या. मी माझी वही काढली, दोन्ही नाण्यांची तुलना वाचून दाखवावी म्हणून. बाईंनी ती घेतली, उघडलीसुद्धा नाही आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

पुढच्या महिन्यात आमचे हिशेबनीस निवृत्त होतायत. त्यांनाही नाणंच द्यायचं ठरलंय, आणि निवडायला समिती नेमलीय. समितीत बाई आणि आमच्या सासूबाई. साहेबांनी मलाही घेतलंय बरं का! दोघींना दुकानात सोडायचं आणि घरी आणायचं.