घरगुती वेबसाइट

१९९९ साली आमच्या कंपनीची वेबसाइट निघाली आणि मालकांनी मला ती जरा घरगुती करायला सांगितली. मी ती इतकी घरगुती केली की घरात मलाच बसायला जागा उरली नाही.

आम्ही नगरच्या एमआयडीसीत कडबाकुट्टीची मशिनं बनवतो. मी तिथला क्लार्क, मच्छिंद्र. 'आमच्याविषयी' या पानावर आधी 'दर्जेदार उत्पादनांची अग्रगण्य कंपनी' असं काहीतरी होतं. आमचे मालक काकासाहेब म्हणाले, "हे कुणाच्याही कंपनीचं असेल. वाचताना माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे. तुम्ही शाळेत निबंध चांगले लिहायचात म्हणे." (म्हणे कसलं, मीच सांगितलं होतं.)

मग मी लिहिलं, 'आम्ही तुमच्या घरचेच. सुटीच्या दिवशी अडचण आली तर संकोच करू नका, केडगावला मच्छिंद्रच्या घरी या. विजयमालावहिनींच्या हातचा चहा घेतल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही.' 'संपर्क' या पानावर घरचा पत्ता आणि फोन नंबर दिला.

विजयमालाला, म्हणजे बायकोला, विचारलं नव्हतं. नगरमध्ये इंटरनेट बघतंय कोण, असा माझा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. कुणीच बघेना, म्हणून काकासाहेबांनी त्या दोन पानांच्या पाचशे झेरॉक्स काढून पारनेरच्या बाजारात वाटल्या.

तेव्हापासून फोन सुरू झाले. दिवसभर घरी विजयमाला. "पातं बोथट झालंय", "पट्टा घसरतोय", "वैनी, चहात गवती चहा घालता का?" मी संध्याकाळी घरी आलो की ती फोनकडे बोट दाखवायची.

आणि एका रविवारी दारात टेम्पो थांबला. त्यातून रंभाजी नावाचे शेतकरी, त्यांच्या पत्नी राहीबाई आणि एक अख्खं मशीन उतरलं. मशीन आमच्या तुळशीजवळ ठेवलं गेलं.

"कालपास्नं बंद हाय," रंभाजी म्हणाले. "आठ जनावरं हायेत. आख्खा कडबा टाकला तर खात न्हाईत. कागदावर लिवलंय, रविवारी या."

"कंपनी उद्या उघडेल," मी म्हणालो.

"मग हे कागदावर कुनी लिवलं?" राहीबाईंनी विचारलं. "गाय काल रातीच व्यालीय. तिला उद्या चारू का?"

मी आवाजात अधिकार आणून म्हणालो, "बघतो मी." आणि पाना घेऊन मशीनपाशी बसलो. मशीन मी यापूर्वी फक्त डिलिव्हरीच्या चलनावर पाहिलं होतं. अर्ध्या तासात चार नट निघाले आणि त्यातले तीन हरवले.

विजयमालाने चहाचे कप खाली ठेवले. "अहो, उठा तिथून," ती म्हणाली आणि तिने काकासाहेबांना फोन लावला. "काकासाहेब, तुमची वेबसाइट आमच्या अंगणात येऊन बसलीय. फिटर पाठवा. गिअरचा दात तुटलाय, दोन नंबरचा, आणि तीन नटही पाठवा. ते आमच्याकडून गेलेत."

तासाभरात फिटर आला. दात खरंच दोन नंबरचाच तुटला होता. आठ दिवस फोन ऐकून तिला मशीन पाठ झालं होतं. जाताना राहीबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. रंभाजी मला म्हणाले, "पाहुनं, जरा सरका, टेम्पो वळवायचाय."

दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याची भाषा मनात जुळवत गेलो. ते म्हणाले, "पान बदला. तुमचं नाव काढा. 'संपर्क : सौ. विजयमालाताई, तक्रार विभाग' असं लिहा. त्यांना विचारलंय मी, सोमवार ते शनिवार, दहा ते पाच. रविवारी कुणी यायचं नाही, अशी त्यांची अट आहे."

पान मीच बदललं. पुढे एकदा डबा विसरलो म्हणून दुपारी ऑफिसातून घरी फोन केला. पलीकडून शांत आवाज आला, "नमस्कार. नाव, गाव आणि मशीन कोणत्या सालचं?"

"अगं, मी मच्छिंद्र, केडगाव," मी म्हणालो.

"हं. लग्न एक्क्याऐंशीचं," ती म्हणाली. "त्या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत. पुढचा फोन घेऊ?"