बबनअण्णांची गोबरगॅसची टाकी

बबनअण्णा टाकी वाचायला बसले की आजूबाजूच्यांनी बोलायचं नाही, असा नियम होता. म्हैस रवंथ करत असली तर ते तिलाही म्हणायचे, "गप गं जरा."

मी मुळशीत शाळेवर बदली होऊन आले, तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. अण्णांची बायको वारलेली, एकुलती लेक शेवंता धरणाच्या पलीकडच्या गावात दिलेली. घरात ते आणि दोन म्हशी. परड्यात गोबरगॅसचा खड्डा आणि त्यावर पालथी लोखंडी टाकी. गॅस साठला की ती वर यायची, जळला की खाली बसायची. अण्णांनी तिच्यावर पांढऱ्या रंगाने रेघा मारून आकडे घातले होते. सकाळ-संध्याकाळ ते तिच्यापुढे उकिडवे बसत आणि एक डोळा मिटून आकडा वाचत.

एकदा मी उभ्यानेच म्हटलं, "अण्णा, पाच."

"खाली बसा बाई. डोळा रेघंच्या सरळ पायजे. उभ्यानं बघितलं की टाकी खोटं बोलती."

मी पदर खोचून बसले. "साडेचार."

"आता पल्याडनं बघा. टाकी कललीया. दोनीकडनं बघायचं, मधलं धरायचं."

शेणाने भरलेल्या चपलांनी मी पलीकडे गेले. चार निघाले. अण्णा म्हणाले, "म्हंजी सव्वाचार."

त्यांच्याकडे चहा मागायची सोय नव्हती. "निम्माच घ्या, टाकी बसंल," म्हणायचे. श्रावण लागला तसा तोही बंद झाला. शेगडीवर फडकं पडलं आणि अण्णा ओल्या लाकडांच्या चुलीवर खोकत भाकरी थापू लागले.

मला राहवेना. "घरात गॅस असून हे काय?"

"पंचमीला शेवंता यायचीय," ते फुंकणी बाजूला ठेवत म्हणाले. "सासरी समदा धूरच हाय तिच्या नशिबी. हितं तरी डोळं न चोळता सैपाक करंल."

पंचमीच्या आदल्या दिवशी टाकी पार वर आली होती. धरण ओलांडून येणाऱ्या दुपारच्या लाँचला अण्णा धुतलेला सदरा घालून गेले आणि एकटेच परत आले. लाँचवाल्याकडे शेवंताच्या सासरचा निरोप होता, 'लावणी उरकली न्हाई, धाडता येत न्हाई.'

पंचमीच्या सकाळी ते टाकीपाशी बसलेले दिसले. टाकीला आता वर जायला जागा नव्हती. कडेने बुडबुडे येऊन गॅस वाया जात होता. अण्णा आकडा वाचत नव्हते, धरणाच्या पाण्यापलीकडे बघत होते.

मी म्हटलं, "अण्णा, पुरण शिजवू का? मला आज सुट्टी आहे."

अण्णा उठले आणि त्यांनी शेगडीवरचं फडकं काढलं.

मी पुरणाची दिंडं उकडली. अण्णा उंबऱ्यात बसून होते. दोनदा म्हणाले, "ज्योत मोठी करा की बाई."

जेवताना त्यांनी विचारलं, "तुमचं म्हायेर कुटं?"

"चिपळूणकडं."

"लई लांब." त्यांनी दिंडावर तूप घालून घेतलं. पहिला घास मात्र हातातच राहिला. "मग दिवाळीलाबी हितंच ऱ्हावा. शेवंताला धाडलं तर दोगी व्हाल."