म्हातारीची चावी आणि स्वयंपाकघरातला दिवा

विजेला मी कधी भ्यालो नाही. कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगतो. सबंध नोकरी विजेच्या इंजिनावर काढली. डोक्यावरून पंचवीस हजार व्होल्ट जात असताना खाली बसून निवांत डबा खाल्लेला माणूस आहे मी!

ज्या इंजिनावर माझी बहुतेक नोकरी झाली, त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. तरुणपणी तिने मेल गाड्या ओढल्या, मग मालगाड्या, मग यार्डात डबे इकडचे तिकडे केले आणि शेवटी भंगाराच्या रांगेत गवतात उभी राहिली. तिथून तिला संग्रहालयाच्या बाईंनी सोडवून आणलं आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. मी आणि माझा जुना फिटर रोज जाऊन तिची डागडुजी करतो. फिटरला सगळे पक्कड म्हणतात, कारण बोलायला लागला की सोडत नाही. पगार नाही, चहा मिळतो. आमची ही, म्हणजे बायको, गेल्यापासून मला घरात बसवत नाही, त्यामुळे चहा नसता तरी गेलो असतो.

म्हातारीच्या पोटात हाय टेन्शनची, म्हणजे जबर दाबाच्या विजेची, खोली आहे. तिचा नियम असा, की टपावरचा पेंटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा तो दुमडता हात, खाली पाडायचा आणि त्याची चावी काढून घ्यायची. त्याच चावीने खोलीचं दार उघडतं. आत जाणाऱ्याने चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. चावी दुसऱ्याच्या हातात, तर आत कोणी नाही. या नियमावर मी कित्येक पोरांची डोकी खाल्ली आहेत, पक्कडचं सगळ्यात जास्त.

घरीही माझा असाच नियम होता. दिवा बदलायचा तर मीटरबोर्डातला फ्यूज काढायचा आणि हिच्या हातात द्यायचा. ही मूठ आवळून दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आहे हातात." मग मी स्टुलावर चढायचो.

ही गेली आणि पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला दिवा गेला. तो तसाच राहिला. मी खोलीतल्या दिव्याच्या उजेडात भाजी चिरायला शिकलो. मुलगी खालच्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, मी बदलते. मी तिला हात लावू दिला नाही. मग ती चिडली. ज्यांना घरचा दिवा बदलवत नाही, त्यांनी इंजिनात शिरू नये, म्हणाली. वर बजावलं, आणखी एकदा काही विचित्र वागलात तर मी त्या बाईंना सांगून तुमचं शेडमध्ये जाणं बंद करीन. ती बोललेलं करते. आईवर गेली आहे.

म्हणून त्या सकाळी मी ठरवलंच. फ्यूज काढला आणि वळलो, तर द्यायला कोणी नाही. फ्यूज खिशात टाकला, स्टुलावर चढलो आणि माझे गुडघे जुन्या मालडब्यासारखे खडखडायला लागले. उतरलो. स्टूल तिथेच ठेवून सरळ शेडमध्ये गेलो.

खोली उघडून आतले चिनी मातीचे खांब पुसत होतो. फडकं काळं झालं म्हणून दुसरं आणायला बाहेर आलो. परत आत शिरताना दाराला राहिलेली चावी आठवून खिशात टाकायला गेलो, तर खिसा भरलेला लागला. इंजिनाखाली पक्कड आडवा होता. त्याचा हात बाहेर दिसला, त्यात मी चावी ठेवली, "धर" म्हणालो आणि आत गेलो. कसलाही विचार केला नाही.

थोड्या वेळाने टपावर कुरकुर झाली. मग स्प्रिंगा ताणल्या. मुलीची जिन्यातली पावलं ओळखावी तसा मी तो आवाज ओळखतो. पेंटोग्राफ वर चालला होता!

मी मनाशी म्हटलं, शक्य नाही, चावी माझ्या खिशात आहे. खिशात हात घातला. हाताला फ्यूज लागला.

हातभर अंतरावर तांब्याच्या पट्ट्या. शेडमध्ये तार नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना माहीत नव्हतं. एक हात खिशात, दुसरा फडक्यासकट वर, असा मी दुकानातल्या पुतळ्यासारखा उभा राहिलो. ओरडायचं होतं, पण आवाज फुटेना.

बाहेर काय चाललं होतं ते मागाहून कळलं. बाईंना फोटोसाठी पेंटोग्राफ उभा हवा होता. पक्कडने नियमाप्रमाणे सांगितलं, चावी माझ्या हातात आहे, म्हणजे आत कोणी नाही, तो चहाला गेला असेल. मग बाई, पक्कड आणि फोटोवाला पेंटोग्राफला बांधलेला दोर ओढायला लागले. तेवढ्यात माझी मुलगी धावत आली. ती डबा घेऊन वर गेली होती. घंटी वाजेना, म्हणून तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर मीटरबोर्ड उघडा, स्वयंपाकघरात मधोमध स्टूल आणि बाप गायब. शेडमध्ये येऊन तिने विचारलं, तर पक्कड म्हणाला, इथे नाही.

मग तिने "बाबा" अशी हाक मारली. तिचा तसा आवाज मी एकदाच ऐकला होता, तिची आई गेली त्या दिवशी. आणि माझा आवाज फुटला.

"पेंटोग्राफ खाली घ्या!"

इंजिन बोललं असंच सगळ्यांना वाटलं. तिघांनी दोर सोडला. टपावर धडाम्‌ आवाज झाला, बाई वाळूच्या बादलीत बसल्या आणि फोटोवाला कॅमेरा टाकून फाटकापर्यंत गेला.

मुलगी तेवढी आत आली.

"हात खाली घ्या बाबा."

"आधी तो खाली आलाय का बघ."

"वर तार नाहीये. पत्रा आहे."

तिने माझा हात धरून खिशातून काढला, तसा फ्यूज खाली पडला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "द्यायला कोणी नव्हतं." मागून पक्कड शिव्या देत आला होता. तोही गप्प झाला, आणि ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी आलो तेव्हा खिडकीतून थोडा उजेड येत होता. मुलीने फ्यूज मुठीत घेतला आणि दारात उभी राहिली. मी उतरेपर्यंत हलायचं नाही, असं मी तिला बजावलं. ती म्हणाली, आहे माझ्याकडे, चढा. मी चढलो. गुडघे गप्प होते. दिवा लावला, उतरलो, ऐटीत बटण दाबलं.

अंधार.

परत दाबलं. मग मी होल्डरला नावं ठेवली, वायरिंग करणाऱ्याला ठेवली, हल्लीच्या दिव्यांना ठेवली. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली.

ही असताना असं कधीच झालं नव्हतं. मी स्टुलावरून उतरून हात पुसेपर्यंत ही फ्यूज लावून आलेली असायची. तो परत लावावा लागतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

शेडमध्ये जायची परवानगी आहे. मात्र निघताना रोज मुलगी माझे खिसे तपासते.