टीव्हीवरची सोयरीक

लेकीच्या होणाऱ्या सासरच्या माणसांना आज पहिल्यांदा भेटायचं होतं, तेही संगणकावरून. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर माणसं काय दिसणार, म्हणून तो टीव्हीला जोडायचं ठरलं. ठरवलं अर्थात बाबांनी. बाबा कारखान्यातले जुने फिटर. बिघाड दिसला की त्यांचे हात शिवशिवत, आणि हात चालू लागले की तोंडही चालू होई. लेकीला घोर होता तो त्या तोंडाचा.

"बाबा, एकच विनंती. आज आवाज चढवायचा नाही. तुम्ही फार शांत आहात असं मी त्यांना सांगून बसलेय. हे लग्न मोडलं तर मी कुणाचं ऐकणार नाही."

"मी शांतच असतो!" बाबा ओरडले.

वायर जोडली. टीव्ही निळा झाला आणि वर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'. टीव्हीच्या पाठीला एकसारखी दोन भोकं होती, एक आणि दोन. बाबांनी मागे मुंडकं घालून वायर एकमधून काढून दोनमध्ये घातली. त्याच क्षणी आईने रिमोटने टीव्ही दोनवरून एकवर नेला. सिग्नल नाही. बाबांनी वायर परत एकमध्ये घातली, आईने टीव्ही परत दोनवर नेला. दोघंही बरोबर होती, फक्त एकाच वेळी.

"आता कुणी कशाला हात लावू नका," म्हणत लेकीने लॅपटॉपवर कॉल उघडला. समोरची मंडळी अजून आली नव्हती. कॉलची चौकट उजवीकडे ओढली की टीव्हीवर जाते, असं तिने ऐकलं होतं. तिने ओढली. चौकट कडेपर्यंत गेली आणि गायब झाली. लॅपटॉपवर उरला नुसता डोंगराचा फोटो.

"घालवलास ना कॉल?" केसांत जळमटं घेऊन बाबा बाहेर आले.

"मी कुठे काय केलं? तिकडे जायला हवा होता तो!"

तिने नवऱ्या मुलाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त.

"आजच्या दिवशी हा कुणाशी गप्पा मारत बसलाय?" बाबांचा पारा चढला. "आणि त्याच्या बापाचा फोटो बघितलास? माणूस हसतोय की दात दुखतोय, कळत नाही."

"मुलाचे केसही विरळच आहेत," आई म्हणाली, "पण मी काही बोलले का?"

"तू रिमोटशी खेळून टीव्ही दोनवर नेला नसतास तर एव्हाना लागलं असतं!"

"तुमच्या हातून या घरात काय लागलंय आजवर?"

"का? मिक्सर?"

"मिक्सर मी बाहेरून दुरुस्त करून आणला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

बाबा मटकन खाली बसले. "मग तूच कर."

आता हात लावणारी आई एकटीच होती. तिने बटण दाबलं आणि टीव्हीभर तीन माणसं प्रकटली. मुलगा कानाला फोन लावून कॅमेऱ्यात जवळजवळ घुसला होता. "एक नंबर लावा! अहो, एक नंबर!" त्याचा आवाज खोलीभर घुमला. बिचारा केव्हाचा ओरडत होता आणि लेकीला फोनही लावत होता, म्हणून तर दोघांचे फोन व्यस्त. चौकट टीव्हीवर गेली होती, आवाजही तिकडेच गेला होता. कॅमेरा आणि माइक मात्र लॅपटॉपचेच होते. त्या मंडळींनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं.

संपलं सगळं, असं वाटून लेकीचे डोळे भरून आले. बाबा कसेबसे उठले. "ते फोटोचं मी आपलं..."

"दाढच दुखत होती त्या दिवशी," मुलाचे वडील म्हणाले. "पण खरं सांगू? आम्ही फार धास्तावलो होतो. तुमची मुलगी म्हणाली, बाबा कधी आवाजच चढवत नाहीत. असल्या माणसाशी सोयरीक करून बोलायचं काय? ही तर मला सकाळपासून बजावतेय, हळू बोला, हळू बोला." मग बायकोकडे वळून त्यांनी पोटातून आरोळी ठोकली, "आता तरी तो पंखा बंद कर! काही ऐकू येत नाही!"

"स्वतः उठा की!" तितकंच खणखणीत उत्तर आलं.

आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"जा बाई खुशाल," ती म्हणाली. "घर बदललंय असं तुला वाटणारसुद्धा नाही."