संकटनिवारणाच्या पंतोजीची नोकरी गेली त्याची हकिकत

श्रीगजवदनास नमन करून लिहितो ऐसे जे : ही हकिकत लिहिण्याची आज्ञा कोणाची नाही, आमची नोकरी गेली आणि हात रिकामे झाले, त्याजवरून लिहिली. शके सोळाशे सत्तर, विभव नाम संवत्सर. नाव विभव, परंतु त्याच साली व्यापाऱ्यांचे तांडे येईनासे झाले, आणि जकात आटली, आणि पेठ ओस पडली. त्यापूर्वी सात वर्षे सुबत्ता होती, आणि आम्ही दरबारी संकटनिवारणाचे पंतोजी होतो. दर महिन्यास गवताच्या गंजीस आग लागली असे समजावे, आणि कारकुनांनी ओल्या घोंगड्या घेऊन धावावे. मग महाराज संतोष पावत आणि आम्हांस शालजोडी देत. खरी आग एकदाही लागली नाही, हा आम्ही आपलाच पराक्रम मानीत असू. मग मंदी आली, आणि खोटे कशास लिहावे, आम्ही मनात आनंदलो, की आता आमच्यावाचून दरबाराचे पान हलणार नाही. नवा अंगरखा घालून हजर झालो. दिवाण रंगो त्रिमळ यांनी पुसिले, "पंतोजी, आपला पहिला धडा कोणता?" आम्ही म्हटले, "संकट दिसताच, ज्यावाचून अडत नाही तो खर्च आधी तोडावा." दिवाण म्हणाले, "तोच तोडला. आपल्या शिकवणीचा." महाराजांनी विचारिले, "दरबाराचे काही चुकले काय?" आणि आम्ही जन्माचे शिक्षक, तोंडून निघून गेले, "चुकले नाही, महाराज. उत्तर बरोबर आहे."

मग तीन महिन्यांनी सरकारी कोठार रिते झाले अशी आवई उठली, आणि लोक कोठाराच्या दारी लोटले. दिवाण पायी आमच्या घरी आले आणि म्हणाले, "शिकवू नका. उपाय तेवढा सांगा." आम्हांस वाटले, नोकरी परत आली. ऐटीत म्हटले, "दारे उघडा आणि दाणा दाखवा." दिवाण हळूच म्हणाले, "दाणा निम्माच आहे." सात वर्षे खोट्या आगी विझविल्या, परंतु कोठारात डोकावण्याचे आम्हांस सुचले नव्हते. मग दुसरे काही सुचेना, म्हणून पायरीवर उभे राहून लोकांस खरे ते सांगितले, की दाणा निम्मा आहे आणि सुगीपर्यंत दर आठवड्यास घरटी पायलीच मिळेल. लोक कुरकुरले, आणि मग रांगेत उभे राहिले. तेव्हा गोजाबाई कुंभारीण म्हणाली, "एवढं सांगाया पंतोजी कशाला लागतोय? दिवाणास्नी तोंड नव्हतं व्हय?" लोक हसले, आम्हीही हसलो, दिवाण मात्र विचारात पडले. दुसरे दिवशी नोकरीचे पुसण्यास गेलो, तेव्हा दिवाण म्हणाले, "बाईचे बोलणे दरबारास पटले आहे. सुबत्ता आली म्हणजे बोलावू."

सारांश, सुबत्तेत दरबारास धडा हवा, मंदीत उपाय हवा, आणि उपाय सोपा निघाला की पंतोजी नको. हल्ली ओसरीवर नऊ मुलांस उजळणी सांगतो. ती दुसरे दिवशी पुन्हा येतात. इतके वर्तमान.